ओढ्यात गाडी बंद पडू नये म्हणून : पावसाळ्याआधी डर्ट बाइकची तयारी

सातपुड्यातल्या पाल गावाच्या रस्त्याला लागण्याआधी एक ओढा आडवा येतो. त्या ओढ्यात माझी गाडी सलग दोन पावसाळे बंद पडत होती. पाणी गुडघ्याच्याही खाली असे. गाडी ढकलत काठावर आणून मी एअर फिल्टर पाहायचो, तो कोरडा असायचा. प्लग काढून पाहायचो, तोही कोरडा आणि ठिणगी चांगली निळी. टाकीत पेट्रोलही पुरेसे. पाच मिनिटांनी दोन किकमध्ये गाडी सुरू व्हायची आणि पुढचा सगळा दिवस तक्रार न करता चालायची. शेवटी एकदा ती बंद पडल्यावर मी तिला पाण्यातच उभी ठेवली आणि खाली वाकून पाहिले, तेव्हा कार्बोरेटरपासून, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागापासून, खाली लोंबणाऱ्या बारीक रबरी नळ्यांची टोके पाण्यात बुडालेली दिसली. दोष तिथेच होता.

इंजिनावर पाणी उडाल्याने इंजिन बंद पडत नाही, कारण ते बाहेरून भिजण्यासाठीच बनवलेले असते. गाडी बंद पडते ती हवा आत येण्याची वाट अडल्यामुळे, ठिणगी प्लगपर्यंत पोचण्याआधीच पाण्यातून दुसरीकडे निसटल्यामुळे, किंवा पेट्रोलला वाहते ठेवणारी हवेची छोटी छिद्रे बुजल्यामुळे. ही ठिकाणे प्रत्येक गाडीत वेगवेगळ्या उंचीवर असतात. म्हणून पावसाळ्याच्या तयारीचे पहिले हत्यार म्हणजे शिंप्याची मोजपट्टी. गाडी सपाट जागी सरळ उभी करावी आणि जमिनीपासून एअर बॉक्सचे (एअर फिल्टरच्या डब्याचे) हवा ओढण्याचे तोंड, कार्बोरेटरच्या नळ्यांची टोके, इंजिनच्या ब्रीदरचे (श्वासाच्या नळीचे) टोक, प्लगची टोपी आणि सायलेन्सरचे तोंड यांची उंची मोजून कागदावर लिहावी. त्यानंतर हीच मापे स्वतःच्या पायावर लावून पाहावीत. एअर बॉक्सचे तोंड आपल्या मांडीच्या कोणत्या भागाशी येते आणि पुढच्या चाकाचा आस नडगीच्या कोणत्या भागाशी येतो, हे एकदा लक्षात राहिले की ओढ्यात पायी उतरल्यावर दुसऱ्या मापाची गरज पडत नाही.

आमच्याकडे खानदेशात ही तयारी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की हाती घ्यावी. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर गॅरेजमध्ये गर्दी होते आणि घाईत केलेल्या कामात एखादी नळी, एखादे रबर बसवायचे राहून जाते.

कार्बोरेटरच्या नळ्या

कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोल साठलेले असते. ते जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, वर चढते, कारण वाटीतील पेट्रोलच्या पृष्ठभागावर बाहेरच्या हवेचा दाब असतो आणि वरच्या नळकांड्यात इंजिन हवा खेचत असल्यामुळे तिथला दाब कमी असतो. बाहेरची हवा वाटीपर्यंत पोचते ती या लोंबणाऱ्या व्हेंटच्या (हवेच्या) नळ्यांतूनच. नळ्यांची टोके पाण्याखाली गेली की वाटीत नवी हवा येणे थांबते, पेट्रोल चढेनासे होते आणि काही क्षणांत इंजिन धापा टाकत बंद पडते. कधी कधी नळीतून थोडे पाणीही वर ओढले जाते आणि वाटीच्या तळाशी जाऊन बसते. मग काठावर आल्यावरही गाडी मिस मारत, म्हणजे अडखळत, राहते.

यावरचा उपाय स्वस्त आहे आणि तो घरी करता येतो. कार्बोरेटरच्या वरच्या अंगाने निघणाऱ्या व्हेंटच्या नळ्या मध्यावर कापाव्यात, तिथे इंग्रजी टी अक्षरासारखा जोड बसवावा, एक शाखा पूर्वीसारखी खाली सोडावी आणि दुसऱ्या शाखेला नळीचा नवा तुकडा जोडून तो टाकीखाली, फ्रेमच्या वरच्या नळीलगत नेऊन सैल बांधावा. खालचे टोक बुडाले तरी वरच्या टोकातून हवा मिळत राहते. हा जोड शोधायला मोठ्या शहरात जाण्याची गरज नाही. केळीच्या पट्ट्यातील प्रत्येक बाजारगावात ठिबक सिंचनाचे साहित्य मिळते आणि त्यातल्या बारीक नळीसाठी (मायक्रोट्यूबसाठी) वापरतात तो बारीक टी जोड या नळीत घट्ट बसतो. दुकानात जाताना आपल्या नळीचा तुकडा सोबत न्यावा आणि जोड तिथेच बसवून पाहावा. हा भाग मुख्यतः हवेचा आहे, त्यात पेट्रोल क्वचितच येते. तरीही दर वर्षी जोड काढून तो मऊ पडला आहे का किंवा त्याला चीर गेली आहे का, हे तपासावे. नळीसाठी मात्र पेट्रोल पाइपच घ्यावा. सलाइनची नळी पारदर्शक आणि फुकट मिळते म्हणून अनेक जण ती लावतात, पण पेट्रोलच्या वाफेने ती थोड्याच दिवसांत काडीसारखी कडक होते आणि वळणावर दुमडून बंद होते.

वाटीच्या तळातून निघणारी, जास्तीचे पेट्रोल बाहेर सोडणारी ओव्हरफ्लोची नळी याहून वेगळी असते. तिला हात लावू नये आणि तिचे तोंड कधीही बुजवू नये. वाटीच्या तळाला निचऱ्याचा स्क्रू असतो. तो कोणत्या मापाच्या पान्याने किंवा पेचकसाने फिरतो हे घरीच पाहून ते हत्यार पिशवीत ठेवावे. गाडी मिस मारू लागली की वाटीतील पेट्रोल काचेच्या छोट्या बाटलीत काढून उजेडात धरावे. आत पाणी असेल, तर तळाशी वेगळा थर किंवा मण्यांसारखे थेंब दिसतात. आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, म्हणजे नेमके जिथून इंजिन पेट्रोल उचलते तिथेच. त्यामुळे पावसात टाकी उघडी ठेवून पेट्रोल भरणे टाळावे आणि चार महिने गाडी अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये.

टाकीच्या झाकणालाही श्वासाचे छिद्र असते. काही डर्ट बाइकना झाकणातून हँडलकडे जाणारी छोटी नळी असते. काळ्या जमिनीचा चिखल त्यात वाळला की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरेनासे होते. गाडी बंद पडल्यावर झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा सुस्कारा ऐकू आला, तर कारण हेच समजावे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर नव्या गाड्या जवळपास सर्व फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. ज्यांच्याकडे २०११ साली आलेल्या हिरो इम्पल्ससारखी कार्बोरेटरची गाडी आहे, त्यांच्यासाठी वरचे सगळे लागू आहे. इंजेक्शनच्या गाडीत कार्बोरेटरची वाटीच नसते, त्यामुळे व्हेंटचा हा त्रास होत नाही. तिथे काळजी घ्यायची ती वायरिंगच्या जोडांची. शिवाय अशा अनेक गाड्यांत गाडी आडवी पडताच इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. ओढ्यात गाडी कलंडली आणि नंतर सेल्फ मारूनही सुरू होईना, तर चावी बंद करून पुन्हा चालू करावी. पण त्याआधी इंजिनात पाणी गेलेले नाही याची खात्री असली पाहिजे. ती कशी करायची ते पुढे लिहिले आहे.

ठिणगी

प्लगपर्यंत जाणारा विजेचा दाब हजारो व्होल्टचा असतो. टोपीच्या रबराला बारीक भेग असेल आणि त्यात पाणी शिरले, तर वीज प्लगच्या टोकापर्यंत जाण्याऐवजी त्या पाण्यातून इंजिनच्या धातूत उतरते. ही भेग दिवसा डोळ्यांना दिसत नाही. अमावास्येच्या आसपासच्या रात्री, अंगणातला दिवा मालवून, गाडी सुरू करावी आणि इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारण्याची फवाऱ्याची बाटली घेऊन प्लगची टोपी, तिची वायर आणि कॉइल यांच्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा. जिथे गळती असेल तिथे निळसर ठिणग्या वायरीवरून रांगताना दिसतात आणि इंजिनचा आवाज अडखळतो. हात मात्र लांब ठेवावा, झटका जोराचा बसतो. भेग दिसल्यास चिकटपट्टी गुंडाळण्यात अर्थ नाही. टोपी नवीन बसवावी, तिच्या आतल्या रबरी कडेला सिलिकॉनच्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि टोपी बसताना टक असा आवाज येईपर्यंत दाबावी. चाकाच्या बेअरिंगचे साधे ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगते.

प्लग ज्या खोलगट जागेत बसतो, तिथून पाणी निघून जावे म्हणून अनेक इंजिनांच्या हेडमध्ये एक छोटे तिरपे छिद्र ठेवलेले असते. कपाशीच्या शेतातला चिखल त्यात एकदा वाळला की ते दगडासारखे बंद होते आणि प्लग पाण्याच्या डबक्यात उभा राहतो. तारेने ते मोकळे करावे. तार घालताना प्लग जागेवरच असू द्यावा, नाहीतर निघालेली माती सिलिंडरमध्ये पडते.

किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे बटण), चावीचा स्विच आणि सीटखालचे वायरींचे जोड एकेक करून उघडावेत, कोरडे करावेत, तेच सिलिकॉन ग्रीस लावून पुन्हा बसवावेत. साइड स्टँडच्या स्विचकडे सहसा कोणी पाहत नाही. त्यात चिखल किंवा खडा अडकला, तर स्टँड वर असूनही गाडीला तो खाली आहे असे वाटते आणि गिअर टाकताच इंजिन बंद होते. काळ्या मातीच्या प्रत्येक फेरीनंतर तो पाण्याने धुऊन बोटाने हलवून पाहावा.

एअर फिल्टर आणि त्याचा डबा

आतापर्यंतची कारणे गाडी थांबवतात. हवेच्या वाटेने शिरलेले पाणी इंजिन मोडते. म्हणून या भागावर मी सर्वांत जास्त वेळ देतो.

फोमचा फिल्टर असेल, तर तो फिल्टर क्लीनरने किंवा केरोसीनने धुऊन, नंतर साबणाच्या कोमट पाण्यातून काढून सावलीत पूर्ण वाळू द्यावा आणि मग त्याला फिल्टरचे चिकट तेल लावावे. तेल लावताना फोम पिळू नये, तो फाटतो. तळहातांत धरून स्पंजसारखा दाबत राहावे, म्हणजे सगळीकडे सारखा रंग दिसू लागतो. हे तेल लावलेला फोम उडालेले थेंब अडवतो, पण डबाच पाण्याने भरला तर फिल्टर इंजिनला वाचवू शकत नाही. इंजिन ऑइल लावून भागवणारे पुष्कळ आहेत, परंतु ते एका रात्रीत ओघळून खाली साठते आणि वरचा अर्धा फोम कोरडा राहतो. फिल्टर जिथे टेकतो त्या कडेवर ग्रीसची बारीक रेघ द्यावी. कागदी फिल्टरला तेल लावू नये. तो भिजला की कागद फुगून हवा अडते, म्हणून एक कोरडा फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून सोबत न्यावा.

डब्याची तपासणीही रात्रीच करावी. फिल्टर काढून डब्यात छोटी टॉर्च पेटवून ठेवावी, झाकण लावावे आणि अंधारात गाडीभोवती फिरून पाहावे. हवा घेण्याच्या तोंडाखेरीज जिथून उजेडाची रेघ बाहेर येते, तिथून पाणी आत येणार. माझ्या गाडीत अशी एक रेघ झाकणाच्या खालच्या कोपऱ्यात निघाली, जिथले रबर दाबून चपटे झाले होते. डब्याच्या तळाशी निचऱ्याची रबरी नळी असते, तिचे खालचे टोक चिमटीसारखे बंद किंवा बुचाने झाकलेले असते. हे बूच सर्व्हिसिंगमध्ये हरवले, तर पाणी बाहेर सोडण्यासाठी असलेली तीच नळी पाणी आत घेऊ लागते. ओढा ओलांडल्यावर ती चिमटी दाबून पाहण्याची सवय लावावी. थेंब निघाले नाहीत तर डबा कोरडा आहे. हवेचे मुख्य तोंड चिकटपट्टीने बंद करण्याचा मोह मात्र आवरावा, कारण हवा कमी पडल्यावर इंजिन कोरड्या रस्त्यावरही गुदमरते.

इंजिनच्या ब्रीदरची नळी जर खाली सोडलेली असेल, तर तीही टाकीखाली वर न्यावी. तापलेले इंजिन थंड पाण्यात शिरले की आतली हवा आकसते आणि बुडालेल्या नळीतून पाणी थेट तेलात ओढले जाऊ शकते. टू-स्ट्रोक गाडीत गिअरबॉक्सच्या ब्रीदरलाही हेच लागू आहे.

इथे वॉशिंग सेंटरबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. एका फेरीनंतर मी गाडी धुवायला दिली. तिथल्या मुलाने प्रेशरची नळी सीटखाली, प्लगच्या खोबणीत आणि सायलेन्सरच्या तोंडात अगदी मनापासून फिरवली. संपूर्ण सातपुडा फिरून न बंद पडलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घरासमोर सुरू होईना, आणि झाकण उघडले तेव्हा फिल्टर ओलाचिंब होता. तेव्हापासून मी गाडी घरीच साध्या नळाने आणि ब्रशने धुतो, सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालतो, तो काढल्याशिवाय चावी लावत नाही, आणि धुऊन झाल्यावर इंजिन दहा मिनिटे चालू ठेवतो, म्हणजे उरलेले पाणी उष्णतेने उडून जाते.

पाण्यात उतरताना

आधी उतरून चालावे. ज्या ओढ्यात आपण पायी जाऊ शकत नाही, त्यात गाडीही नेऊ नये. संथ पाण्यात पुढच्या चाकाच्या आसापर्यंत, म्हणजे २१ इंची चाकात जमिनीपासून साधारण ३४ सेंटिमीटरपर्यंत, ही माझी मर्यादा आहे. वाहत्या पाण्यात त्याच्या निम्मी. एअर बॉक्सचे तोंड याहून कितीतरी वर असले तरी चाकापुढे उठणारी लाट आणि पाण्याखालचा एखादा खड्डा हा फरक क्षणात भरून काढतात. ओढा जिथे रुंद आणि पसरलेला असतो तिथे तो उथळ असतो; अरुंद, शांत दिसणारी जागा बहुधा खोल असते.

पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये शिरावे, रेस एकसारखी थोडी चढी ठेवावी आणि वेग क्लचने आवरावा. पाण्यात रेस एकदम सोडू नये. सायलेन्सरचे तोंड पाण्याजवळ असताना बाहेर येणाऱ्या वायूचा जोरच पाण्याला मागे ठेवतो. नजर समोरच्या काठावर असावी, चाकापाशी नाही. वेगात शिरून पाणी दोन्ही बाजूंना उडवण्यात मजा वाटते, पण तेच पाणी टाकीच्या वर चढून एअर बॉक्सच्या तोंडात जाते. बाहेर आल्यावर दोन-तीनदा हलके ब्रेक दाबून ते कोरडे करून घ्यावेत.

पूर आलेल्या फरशीवर (ठेंगण्या पुलावर) किती पाणी चालेल, याचे उत्तर नाही असेच आहे. गुडघाभर वेगवान पाणी माणसासकट गाडी वाहून नेते. सातपुड्याच्या नाल्यांत तर आपल्या डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येतो, कारण पाऊस वर डोंगरात झालेला असतो. एकदा मी पाण्यात पाय घालणार इतक्यात काठावर गुरे घेऊन बसलेल्या आबांनी हटकले, "भाऊ, आते जाऊ नको. वर पानी पडी राह्यनं." मला डोंगराकडे ढगाचा फक्त एक काळा पट्टा दिसत होता. अर्ध्या तासात पाणी गढूळ झाले, काटक्या आणि पाचोळा वाहत आला आणि मी ज्या दगडावर पाय ठेवणार होतो तो दिसेनासा झाला. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणे आणि त्यात पाचोळा येणे, या खुणा दिसताच काठ सोडून वर जावे. तापीकाठच्या सखल वाटांवर हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची सूचना असताना जाऊच नये. अभयारण्याच्या हद्दीत खुल्या रस्त्याबाहेर गाडी घालू नये, हेही याच्याच जोडीने सांगतो.

गाडी बुडालीच तर

गाडी आडवी पडत आहे असे जाणवताच सर्वांत आधी अंगठ्याने किल स्विच दाबावा. बंद इंजिन पाणी ओढत नाही. गाडी काठावर काढल्यावर सेल्फ मारू नये, किक मारू नये आणि मदतीला धावून आलेल्या मंडळींना धक्का मारू देऊ नये. खेड्यात दोन जण लगेच मागून लोटायला तयार होतात, त्यांना नम्रपणे पण ठामपणे थांबवावे. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर आला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग सगळे इंजिन उघडावे लागते.

प्रथम एअर बॉक्सचे झाकण उघडून पाहावे. फिल्टरची आतली बाजू कोरडी असेल, तर बहुतेक वेळा इंजिन वाचलेले असते. ती ओली असेल, तर चावी बंद ठेवून प्लग काढावा, हलकी गाडी असल्यास दोघा-तिघांनी ती मागच्या चाकावर उभी करून सायलेन्सरमधील पाणी ओतून टाकावे, आणि जड गाडी असल्यास तिचे पुढचे चाक एखाद्या बांधावर चढवून उतारावर उभी करावी. उभी करताना टाकीतून पेट्रोल गळत नाही ना, हे पाहावे. त्यानंतर प्लग बाहेरच ठेवून हाताने सावकाश किक दाबावी. किक नसेल, तर मागचे चाक उचलून सर्वांत वरचा गिअर टाकावा आणि चाक हाताने पुढे फिरवावे. प्लगच्या छिद्रातून पाण्याची चिळकांडी उडते, त्यासमोर तोंड नेऊ नये. चावी बंद ठेवायची ती यासाठी, की पाण्याबरोबर पेट्रोलही उडते आणि जवळ ठिणगी असली तर पेट घेते. छिद्रातून नुसती हवा येऊ लागेपर्यंत हे करत राहावे. मग कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी, फिल्टर पिळल्याशिवाय दाबून कोरडा करावा किंवा सोबतचा बसवावा आणि कोरडा प्लग लावावा. जुना प्लग पुसूनही चालतो, पण खिशात नवा असलेला बरा.

सुरू करण्याआधी तेलाच्या काचेतून पाहावे. तेल दुधाच्या चहासारखे दिसत असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे आणि त्या तेलावर घरापर्यंत गाडी चालवू नये. ट्रॅक्टर किंवा पिकअप बोलवावी. तेल स्वच्छ असेल, तर गाडी सुरू करून काही मिनिटे मध्यम रेसवर ठेवावी, सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि थोडे पाणी येईल, ते थांबल्यावरच निघावे. पाणी मिसळलेल्या इंजिनात घरी आल्यावर स्वस्त तेल भरून ते पाच मिनिटे चालवावे, गरम असतानाच काढावे, आणि निघणाऱ्या तेलाचा दुधाळ रंग जाईपर्यंत हे दोन-तीनदा करून मगच नवा ऑइल फिल्टर आणि नेहमीचे तेल घालावे. हे काम त्याच संध्याकाळी झाले पाहिजे, कारण रात्रभर पाणी तसेच राहिले तर सकाळपर्यंत बेअरिंगवर गंज चढू लागतो.